किनाऱ्यावरची जुनी खोपटी, सुशोभीकरणाचा आराखडा आणि अतिक्रमणाची नोटीस: कोणता कागद कामाला येतो?

प्रश्न – सुरूबनाकाठची

नमस्कार. सिंधुदुर्गातील एका किनाऱ्यावर माझ्या मावशीचे खोपटे आहे. पुढे चूल, चार बाकडी आणि वाढण्याची फळी. मागे तिची राहण्याची खोली. वर झापांचे, म्हणजे विणलेल्या माडाच्या पानांचे, छप्पर आणि पाऊस जवळ आला की त्यावर ताडपत्री. काका रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, जात असत. रापणीला लागणारी मासळी घटत गेली आणि १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाल्यानंतर किनाऱ्यावर बाहेरची माणसे दिसू लागली, तेव्हा मावशीने भाकरी, तळलेला बांगडा आणि सोलकढी विकायला सुरुवात केली. त्या काळी त्या वाळूकडे कोणी ढुंकूनही पाहत नव्हते. आज तिच्या ओळीत अशी बरीच खोपटी आहेत. कोणी नारळपाणी विकते, कोणी पर्यटकांना कपडे बदलायला आडोसा आणि गोड्या पाण्याची बादली देते, कोणी होडीतून डॉल्फिन दाखवायला नेते. त्यांतील निम्म्याहून अधिक माणसे मागच्याच खोलीत राहतात, त्यामुळे दुकान आणि घर असा फरक तेथे करता येत नाही.

आता या सर्वांना महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ५० खाली अतिक्रमण काढून घेण्याची नोटीस आली आहे. किनाऱ्याच्या सुशोभीकरणाचा आराखडा मंजूर झाला असून त्यात पदपथ, वाहनतळ, प्रसाधनगृहे आणि विक्रीचे गाळे आहेत. गाळे लिलावाने दिले जाणार आहेत आणि त्यांची अनामत रक्कम मावशीच्या संपूर्ण हंगामाच्या कमाईला भारी पडेल इतकी आहे. पाठीमागच्या माडांच्या बागेत, खासगी जमिनीवर, एका मोठ्या रिसॉर्टचे कामही चालू आहे. मोकळा होणारा पट्टा नेमका त्याच्या समोरचा आहे. यावर मी अधिक काही म्हणत नाही. वाचणाऱ्याने आपला अर्थ लावावा.

मावशीकडे ग्रामपंचायतीच्या कराच्या पावत्या, एक जुना ना-हरकत दाखला, विजेची बिले आणि त्या पत्त्यावरचे रेशनकार्ड आहे. सातबारा अर्थातच नाही. या कागदांना कायद्याच्या दृष्टीने काही वजन आहे का? फेरीवाल्यांच्या संरक्षणाचा जो २०१४ चा कायदा आहे, तो तिला लागू होतो का? आणि ज्या सीआरझेडच्या, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या, नियमांचा हवाला देऊन तिचे झापांचे छप्पर बेकायदा ठरवले जाते, त्याच पट्ट्यात काँक्रीटचा पदपथ आणि पक्के गाळे कसे बसतात? नोटीस घेऊन आलेल्या माणसाला मावशीने एवढेच विचारले, "आमी खंय जावचा, ता तरी सांगा." त्याचे उत्तर नोटिशीत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर – निवृत्त अव्वल कारकून

ताई, महसुलात हयात गेल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

सर्वांत आधी जमीन कोणाची हे कागदावर शोधून काढा. किनाऱ्यावर हा प्रश्न वाटतो तितका सोपा नसतो. भरतीरेषेच्या खालचा समुद्रतळ आणि खाडीपात्र संहितेच्या कलम २० नुसार शासनाचे असते. बंदरहद्दीतील किनाऱ्याच्या वापराचे परवाने बहुतेक वेळा महाराष्ट्र सागरी मंडळाकडून येतात. सुरूच्या झाडांची लागवड असलेला पट्टा वन किंवा सामाजिक वनीकरण खात्याच्या ताब्यात असू शकतो. त्याच्या मागचा तुकडा गावठाण, सरकारी पड किंवा एखाद्या खातेदाराच्या सातबाऱ्यातला असू शकतो. या चारही गोष्टी पन्नास पावलांच्या आत येऊ शकतात. नोटिशीत जो सर्व्हे नंबर दिला आहे त्याचा गट नकाशा, सातबारा आणि मोजणीचा नकाशा, म्हणजे क-प्रत, मागवा आणि खोपटे खरोखरच त्याच नंबरात येते का ते पाहा. मी कितीतरी नोटिसा अशा पाहिल्या आहेत, ज्यांतील नंबर शेजारच्या बागेचा निघाला.

आता तुमचे कागद. घरपट्टीची पावती किंवा ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीतील उतारा, म्हणजे नमुना ८, हा मालकीचा पुरावा नाही, हे न्यायालयांनी पुनःपुन्हा सांगितले आहे. परंतु तो ताब्याचा आणि त्या ताब्याच्या कालावधीचा पुरावा आहे, आणि तुमच्या प्रकरणात कालावधीलाच महत्त्व आहे. विजेचे बिल, रेशनकार्ड, मतदारयादीतील नोंद, मुलांच्या शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता हे सर्व एकत्र करून वर्षवार लावा. ना-हरकत दाखला मात्र जपून दाखवा. ग्रामपंचायतीला जी जमीन द्यायचा अधिकारच नव्हता, त्या जमिनीबद्दल तिने दिलेली ना-हरकत हक्क निर्माण करत नाही. मात्र ताबा उघड होता, लपूनछपून नव्हता, हे त्यावरून सिद्ध होते.

कलम ५० चा मजकूर मुळातून वाचा. त्यात शासनाच्या जमिनीबरोबर समुद्रकिनाऱ्याच्या पट्ट्याचा आणि परवानगीशिवाय माल विकण्याचाही स्पष्ट उल्लेख आहे, म्हणून "आम्ही फक्त विक्री करतो" हा बचाव तेथे चालत नाही. पण त्याच्याच पुढचे कलम ५१ आहे. अतिक्रमण करणाऱ्याची इच्छा असल्यास, रक्कम आकारून आणि शर्ती घालून, ती जमीन त्यालाच देण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना त्या कलमाने दिलेला आहे. तो हक्क नव्हे, विवेकाधिकार आहे. तरीही अर्ज केल्याशिवाय कोणी तो वापरणार नाही. तिसरी गोष्ट म्हणजे कलम २० चे पोटकलम २. शासनाच्या जमिनीवर एखाद्याचा कोणताही हक्क आहे असा दावा असेल, तर त्याची रीतसर चौकशी करून निर्णय देण्याची तरतूद त्यात आहे. वापराचा, वहिवाटीचा, होड्या ओढण्याचा हक्कसुद्धा तेथे मांडता येतो. त्या निर्णयाविरुद्ध दिवाणी दावा एका वर्षाच्या आत लावावा लागतो, हे लक्षात असू द्या. तहसीलदारांच्या आदेशावर अपील करायचे तर मुदत ६० दिवसांची आहे.

ग्रामीण भागातील शासकीय जमिनीवरची १ जानेवारी २०११ पूर्वीची निवासी अतिक्रमणे नियमित करण्याबाबत २०१८ चा शासन निर्णय आहे. मावशी तेथे राहते, हे तुमच्या बाजूचे सर्वांत बळकट अंग आहे आणि तुमच्या अर्जात तेच मागे पडण्याची भीती मला वाटते, कारण सगळेजण खोपट्याला "टपरी" म्हणतात. मात्र त्या निर्णयाने पर्यावरणाचे नियम शिथिल होत नाहीत, त्यामुळे जागेवरच नियमितीकरण मिळेल अशी आशा बाळगण्यापेक्षा पुनर्वसनाच्या मागणीचा आधार म्हणून त्याचा वापर करा.

२०१४ चा फेरीवाला कायदा चांगला आहे. सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्रीचे प्रमाणपत्र मिळेपर्यंत कोणालाही हटवता येत नाही, नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांचे असावे लागतात, आणि हटवण्यापूर्वी ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. पण तो महापालिका, नगरपालिका आणि नगरपंचायत अशा नागरी क्षेत्रापुरता आहे. मालवण शहरातल्या किनाऱ्यावर बसणाऱ्याला तो लागू होतो आणि हद्द ओलांडून ग्रामपंचायतीच्या किनाऱ्यावर बसणाऱ्याला लागू होत नाही. समुद्र तोच, वाळू तीच. पण कायदे करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर फेरीवाला म्हणजे शहरातल्या पदपथावरचा माणूस होता. हा दोष मोठा आहे, आणि तो तुमच्या अर्जाने सुटणारा नाही.

उत्तर – रापणकार

वरच्या काकांनी कायदा सांगितला. मी वाळूवरचे सांगतो, आणि ते ताईंना कदाचित सगळेच आवडणार नाही.

रापण ओढायला मोकळा किनारा लागतो. होडी जाळे सोडत अर्धगोलात फिरते आणि दोन्ही टोकांचे दोर घेऊन माणसांच्या दोन रांगा वाळूवर उभ्या राहतात. जाळे जसजसे जवळ येते, तसतशा त्या रांगा एकमेकींकडे सरकतात. त्या सरकण्याच्या वाटेत एक बाकडे, एक छत्री किंवा किनाऱ्यावर ठेवलेली पाण्यातली स्कूटर आली की दोर अडतो. आमच्या किनाऱ्यावर सगळ्यांत आधी रापणीची जागा गेली. ती रिसॉर्टने घेतली नाही. ती आमच्याच भावकीतल्या खोपट्यांनी, बाकड्यांनी आणि जलक्रीडांच्या तंबूंनी घेतली. आम्हा गाबित मच्छीमारांच्या घरातलीच मुले ती. त्यांना दोष देत नाही, कारण रापणीच्या वाट्यावर घर चालेना म्हणूनच ती तिकडे वळली. पण "जुने रहिवासी विरुद्ध बाहेरचा भांडवलदार" एवढेच चित्र रंगवले, तर आमच्या वाट्याचे भांडण त्यात बुडून जाते.

दुसरे असे की, या जागेचा वापर ऋतूप्रमाणे बदलतो आणि सरकारी पाहणी एकाच दिवशी होते. जून आणि जुलैमध्ये मासेमारी बंद असते, तेव्हा होड्या वर सुरूच्या मुळापर्यंत ओढून झापांनी शाकारून ठेवलेल्या असतात. नारळी पौर्णिमेनंतर होड्या खाली जातात आणि त्याच जागेवर दिवाळीपासून मेपर्यंत खोपटी लागतात. थंडीच्या दिवसांत मधल्या पट्ट्यात सुक्या मासळीचे वाळवण असते. तीन वेगळी माणसे, एकच जागा, आणि कोणाचाही कोणाशी कागदी करार नाही. पाहणीला माणूस मेमध्ये आला तर त्याला फक्त खोपटी दिसतात आणि तो "व्यावसायिक अतिक्रमण" लिहितो. ऑगस्टमध्ये आला तर त्याला रिकामी वाळू दिसते आणि तो "वापर नाही" असे लिहितो. आमच्याकडे पाहणी कोणत्या महिन्यात झाली हे माहितीच्या अधिकारात मागितले, तेव्हा कुठे पंचनाम्याचा कागद हाती आला आणि त्यावर होड्यांचा उल्लेखच नव्हता.

तेव्हा ताई, खोपटेवाल्यांनी एकट्याने अर्ज करू नये. मच्छीमार सहकारी संस्थेचा ठराव सोबत लावा. संस्थेची नोंदणी असते, तिच्या दप्तरात डिझेलच्या आणि मासळीच्या नोंदी असतात, आणि अधिकाऱ्याला तिला भेट नाकारणे जड जाते. मात्र संस्था तुमच्यामागे उभी राहावी असे वाटत असेल, तर रापणीची वाट मोकळी सोडायचे तुम्हालाही लिहून द्यावे लागेल.

उत्तर – दापोलीचा घरमालक

थोडे कटू लिहितो, क्षमस्व. सरकारी जमिनीवर बसलेल्याला हक्क मिळणार असेल, तर आमच्यासारख्यांनी पैसे मोजून, बिनशेतीची परवानगी काढून, सीआरझेडची रेषा सोडून घर का बांधले? खोपट्यांचे सांडपाणी वाळूतच मुरते, प्लॅस्टिक सुरूच्या बनात साचते, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत किनाऱ्यावर चालायला जागा राहत नाही. प्रसाधनगृह आणि वाहनतळ ही चैन नव्हे. शिवाय पाठीमागची बाग कोणी विकली? बहुतेक ठिकाणी स्थानिकांनीच विकली आहे, आणि चांगल्या भावाने विकली आहे. जमीन विकणारा वेगळा आणि वाळूवर बसणारा वेगळा हे मला मान्य आहे, पण गावाने सगळा दोष बाहेरच्यावर टाकू नये.

प्रश्नकर्तीचे उत्तर – सुरूबनाकाठची

रापणकारांचे म्हणणे मी मावशीला फोनवर वाचून दाखवले. तिने ते तत्काळ मान्य केले. काका हयात असताना याच कारणावरून तिचे आणि दिरांचे बोलणे बंद झाले होते, हे मला आजच कळले. वाट सोडण्याचे लिहून देण्यास ओळीतील बहुतेकजण तयार होतील असे ती म्हणते. जलक्रीडावाले होतील की नाही याची तिला शंका आहे.

घरमालक महोदयांना एवढेच सांगावेसे वाटते की, प्रसाधनगृहाला कोणाचाच विरोध नाही. गेली कित्येक वर्षे किनाऱ्यावर येणाऱ्या बायकांना मावशीच्याच मागच्या मोरीत जावे लागते आणि त्यासाठी लागणारे पाणी ती विहिरीवरून कळशीने आणते. सांडपाण्याचा मुद्दा रास्त आहे. परंतु सांडपाण्यावरचा उपाय शोषखड्डा आहे; सांडपाण्यासाठी माणसे उचलायची असतील, तर रिसॉर्टचे सांडपाणी कोठे जाणार हेही त्याच नोटिशीत विचारले जायला हवे.

सीआरझेडबद्दलचा माझा मूळ प्रश्न अजून तसाच आहे. कोणी सांगू शकेल का?

उत्तर – नियोजनाची विद्यार्थिनी

सीआरझेडबद्दल मी लिहिते, कारण माझ्या अभ्यासाचा विषय तोच आहे.

पर्यावरण संरक्षण अधिनियम १९८६ खाली पहिली किनारा नियमन अधिसूचना फेब्रुवारी १९९१ मध्ये निघाली, दुसरी जानेवारी २०११ मध्ये आणि सध्याची जानेवारी २०१९ मध्ये. ग्रामीण किनारा साधारणतः तिसऱ्या वर्गात येतो. पूर्वी अशा किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटर हा पट्टा ना-विकास क्षेत्र होता. २०१९ मध्ये या वर्गाचे दोन भाग झाले. २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा अधिक लोकसंख्या असलेल्या दाट वस्तीच्या गावांत तो पट्टा ५० मीटरवर आला आणि उरलेल्या गावांत २०० मीटरच राहिला. त्याच अधिसूचनेने ना-विकास क्षेत्रात आणि किनाऱ्यावर तात्पुरत्या स्वरूपाच्या पर्यटन सुविधांना, म्हणजे शॅक (किनाऱ्यावरची तात्पुरती खाद्यगृहे), प्रसाधनगृहे, कपडे बदलण्याच्या खोल्या, पिण्याच्या पाण्याची सोय यांना, भरतीरेषेपासून किमान १० मीटर अंतर राखून मुभा दिली. याचा अर्थ असा की, झापांचे, सहज उतरवता येणारे खोपटे नियमाच्या आत्म्याशी विसंगत नाही, तर त्याला परवानगी घेतलेली नाही एवढाच दोष आहे. आणि पक्क्या गाळ्यांना "तात्पुरती सुविधा" म्हणता येते का, हा प्रश्न उलट आराखडा करणाऱ्यांना विचारायचा आहे. महाराष्ट्र किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाच्या बैठकांची इतिवृत्ते सार्वजनिक असतात. तुमच्या किनाऱ्याच्या प्रकल्पाला शिफारस मिळाली आहे का, आणि मिळाली असल्यास कोणत्या अटींवर, ते त्यात सापडेल.

पण माझ्या मते खरी हार नोटिशीच्या दिवशी होत नाही, ती नकाशाच्या दिवशी होते. अधिसूचनेनुसार जिल्ह्यांचे किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखडे १:२५,००० या प्रमाणात केले जातात. त्या प्रमाणात कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे २५ मीटर. मावशीचे खोपटे त्यावर टाचणीच्या टोकाएवढेही उमटत नाही, आणि रापणीची वाट तर नाहीच नाही. म्हणूनच १:४,००० च्या आसपासच्या गावपातळीवरील नकाशावर मासेमारी गावे, मच्छीमारांच्या सामाईक जागा, मासळी सुकवण्याच्या जागा, धक्के, बर्फाचे कारखाने हे सर्व दाखवावे, आणि मच्छीमारांच्या दीर्घकालीन घरबांधणीची गरजही आराखड्यात धरावी, अशी तरतूद केली गेली. ही तरतूद कागदावर उत्तम आहे. परंतु आराखड्याचा मसुदा हरकतींसाठी खुला होतो, जिल्ह्याच्या ठिकाणी जनसुनावणी होते, आणि ज्यांच्या वाळवणाच्या जागा त्यात नाहीत त्या बायका त्या वेळी वाळवणावर असतात. नंतर जे नकाशावर नाही ते "मोकळे" ठरते आणि मोकळ्या जागेचेच सुशोभीकरण होते.

मुंबईतल्या कोळीवाड्यांसाठी २०११ च्या अधिसूचनेत स्वतंत्र तरतूद होती, ती तिथल्या मच्छीमार संघटनांनी दीर्घकाळ लावून धरल्यामुळे. वरळी कोळीवाड्याचे उदाहरणही पाहण्यासारखे आहे. किनारी रस्त्याच्या पुलाच्या दोन खांबांमधून होड्या सुरक्षित जात नाहीत, अंतर ६० मीटर पुरे नाही, ही त्यांची मागणी होती. त्यांना हवे होते त्याहून कमी, पण १२० मीटर अंतर शेवटी मान्य झाले. त्यांनी अंतर मोजून मागितले होते, हे मला त्यात महत्त्वाचे वाटते. "आमचा समुद्र आम्हाला द्या" या मागणीवर अधिकारी सहानुभूती दाखवून उठून जातो. एवढ्या मीटरची वाट, या दिशेला, या महिन्यांत, अशी मागणी आली की त्याला उत्तर द्यावे लागते.

तुम्ही गावातच एक नकाशा तयार करा. गट नकाशाची झेरॉक्स मोठी करून घ्या. मोबाईलवरच्या जीपीएसने खोपटी, होड्यांच्या जागा, रापणीच्या दोन्ही टोकांच्या खुणा, वाळवण, विहीर आणि पायवाटा टिपून त्यावर उतरवा. प्रत्येक खुणेपुढे कोणत्या महिन्यांत काय असते ते लिहा, आणि तो नकाशा ग्रामसभेच्या ठरावाला जोडा. देवबागसारख्या ठिकाणी, जिथे खाडी आणि समुद्र यांच्यामधली पट्टी धुपीने अरुंद होत चालली आहे, तिथे भरतीरेषेची जुनी आणि नवी खूण दोन्ही दाखवायला विसरू नये.

उत्तर – पेडण्याहून

गोव्याचा अनुभव सांगतो. आमच्याकडे शॅकसाठी सरकारी धोरण आहे, ठरावीक वर्षांसाठी परवाने सोडत काढून दिले जातात, हंगाम संपला की शॅक उतरवावे लागते, आणि अनुभवी गोमंतकीयांना प्राधान्य असते. लिलावापेक्षा सोडत बरी, कारण लिलावात सर्वांत मोठी थैली जिंकते. पण परवाना एकाच्या नावावर आणि धंदा दुसऱ्याचा, हा पोटभाड्याचा रोग आमच्याकडे इतका मुरला आहे की, प्रत्येक नव्या धोरणात त्याच्याविरुद्ध कलम घालावे लागते. ज्याच्याकडे फ्रीज, खाटा, स्वयंपाकी आणि कामगार यांत गुंतवायला भांडवल नाही, तो परवाना मिळवतो आणि दुसऱ्याला देऊन घरी बसतो. तुमच्या मावशीला गाळा मिळाला तरी तो चालवायला पहिल्या वर्षाचे भांडवल कोठून येणार, याचा विचार आताच करा.

महाराष्ट्रानेही २०२० मध्ये शॅक धोरण आणले आणि पहिल्या टप्प्यात आठ किनारे निवडले: केळवे, बोर्डी, वरसोली, दिवेआगर, गुहागर, आरे-वारे, कुणकेश्वर आणि तारकर्ली. एका किनाऱ्यावर जास्तीत जास्त दहा शॅक. ज्या किनाऱ्यावर आधीच तीसचाळीस कुटुंबे पोट भरतात, तेथे दहाचे गणित कसे बसवायचे हे मात्र ते धोरण ठरवत नाही. तुमचा किनारा या यादीत असेल तर स्थानिकांच्या प्राधान्याचा मुद्दा त्या धोरणाच्या आधारे मांडा, आणि परवाना व्यक्तीऐवजी महिला बचत गटाच्या नावावर मागता येईल का ते पाहा.

उत्तर – चेन्नईतून एक मराठी वाचक

मी नोकरीनिमित्त चेन्नईत राहतो. इथल्या मरीना किनाऱ्यावर हा प्रश्न जुना आहे. १९८५ मध्ये सुशोभीकरणासाठी मच्छीमारांच्या नौका आणि जाळी हटवण्याची मोहीम निघाली, तेव्हा संघर्ष होऊन पोलिसांच्या गोळीबारात मच्छीमार मृत्युमुखी पडले होते. २०२३ मध्ये नोच्चिकुप्पम या मच्छीमार वस्तीच्या लूप रस्त्यालगत मासळी विकणाऱ्या बायकांना हटवण्याचा प्रश्न पुन्हा उच्च न्यायालयात आला. त्यांचे म्हणणे असे होते की, रस्ताच आमच्या वाळवणाच्या जागेवरून गेला आहे, आम्ही रस्त्यावर आलेलो नाही. नंतर तेथे सरकारने मासळी बाजार बांधून दिला. तो किनाऱ्यालगतच मिळाला, दूर कोठे नाही, ही त्या बायकांच्या चिकाटीची कमाई. पर्यायी जागा मान्य करताना तेवढे पाहाच: गिऱ्हाईक जिथे चालत येते तिथून शंभर पावले आत गेले, तरी विक्री निम्म्यावर येते.

उत्तर – निवृत्त अव्वल कारकून

ताई, चर्चा चांगली झाली, आता नोटिशीच्या उत्तराकडे वळतो, कारण मुदत कोणासाठी थांबत नाही.

पहिल्यांदा हे मनातून काढून टाका की न्यायालय तुम्हाला तिथेच कायम ठेवील. मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांच्या खटल्यात, १९८५ च्या ओल्गा टेलिस निकालात, उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. पण त्याच निकालाने रीतसर नोटीस देऊन हटवण्याचा अधिकारही मान्य केला. नोव्हेंबर २०२४ मध्ये पाडकामांबद्दल सर्वोच्च न्यायालयाचे जे निर्देश आले, त्यांत किमान १५ दिवसांची नोटीस, म्हणणे ऐकून घेणे आणि कारणांसह आदेश या गोष्टी बंधनकारक केल्या आहेत. रस्ते, पदपथ, रेल्वेमार्गालगतच्या जागा, नदी व जलाशय अशा सार्वजनिक ठिकाणच्या बांधकामांना मात्र ते निर्देश लागू नाहीत. किनारा या अपवादात बसतो असा युक्तिवाद समोरून नक्की होईल. म्हणून फक्त त्या निकालावर विसंबू नका.

उत्तर प्रत्येक कुटुंबाने स्वतंत्र द्यावे, मजकूर सारखा असला तरी चालेल. त्यात चार मागण्या असाव्यात. मोजणी करून सर्व्हे नंबर निश्चित करावा आणि ती मोजणी आमच्यासमक्ष व्हावी. कलम २० (२) खाली आमच्या वहिवाटीची चौकशी होईपर्यंत पाडकाम करू नये. राहत्या भागापुरता कलम ५१ आणि २०१८ च्या शासन निर्णयाखालील अर्ज निकाली काढावा. आराखड्यातील गाळे लिलावाऐवजी सर्वेक्षणातील कुटुंबांना द्यावेत, आणि बांधकाम चालू असेपर्यंत विक्रीला पर्यायी जागा द्यावी. शेवटची मागणी लोक हमखास विसरतात. बांधकामाला दोन हंगाम लागले, तर तेवढ्या काळात कुटुंब गाव सोडून जाते आणि गाळे वाटायच्या वेळी "लाभार्थी आढळून आला नाही" असा शेरा पडतो.

उत्तर आवक शिक्क्यासह पोच घेऊनच द्या. टपालाने पाठवायचे असल्यास नोंदणीसह स्पीड पोस्टने पाठवा आणि पोचपावती फाईलला लावा. रापणकारांनी सांगितलेला संस्थेचा ठराव आणि विद्यार्थिनीने सांगितलेला नकाशा सोबत जोडा, त्यावर ग्रामसेवकाचा शिक्का आणि सरपंचांची सही घ्या. ग्रामसभेची तारीख दूर असेल, तर विशेष ग्रामसभेची मागणी आजच लेखी करा.

आणि मावशीच्या खोपट्याची छायाचित्रे काढा. चूल, बाकडी आणि पाटी यांची काढालच, पण मागच्या खोलीची आधी काढा: देव्हारा, पलंग, भांडी, दोरीवर वाळत घातलेले कपडे. पंचनामा करणारा माणूस दारातून आत जाईलच असे नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर – सुरूबनाकाठची

काका, आपण आणि इतर सर्वांनी एवढ्या तपशिलाने लिहिले त्याबद्दल मनापासून आभार. मावसभाऊ उद्याच मोजणीचा अर्ज भरतो आहे. मच्छीमार संस्थेची बैठक रविवारी आहे. रापणीच्या वाटेबद्दलचे लेखी पत्र त्याआधी तयार व्हावे म्हणून ओळीतल्या सर्वांना आज संध्याकाळी बोलावले आहे. जलक्रीडावाल्यांपैकी दोघांनी येतो म्हणून कळवले आहे. नोटिशीतील सर्व्हे नंबर मी आताच ऑनलाइन सातबाऱ्यावर पाहिला. इतर हक्कांच्या रकान्यात एक जुना फेरफार क्रमांक दिसतो आहे, तो कशाचा आहे हे काढायला तलाठी कार्यालयात जाते आणि उतारा मिळाला की येथे मजकूर टाकते.